जुन्या लॅपटॉपला वाय-फाय बसवायचंय? डोंगल घ्यायच्या आधी हे वाचा

माझ्या मावशीकडे २०१० सालचा लॅपटॉप आहे, स्क्रीन उत्तम, कीबोर्ड तर आजच्या लॅपटॉपांपेक्षा चांगला, पण वाय-फाय बंद पडलं म्हणून दोन वर्षं कपाटात पडून होता. मी गेलो तेव्हा म्हणाली, "अरे, भंगारात देऊन टाकू का हा?" म्हटलं थांब गं मावशी, अजिबात देऊ नकोस. आता सोसायटीचा सगळा हिशोब ती त्याच्यावरच करते. म्हणून जे केलं ते सविस्तर लिहितोय, कारण बरेच जण थेट दुकानात जाऊन मिळेल ते डोंगल (यूएसबी पोर्टमध्ये लावायचं छोटं वाय-फाय यंत्र) उचलतात आणि मग ते चालत नाही म्हणून लॅपटॉपलाच नावं ठेवतात.

सगळ्यात आधी वाय-फाय खरंच गेलंय का ते बघा. त्या काळच्या लॅपटॉपांना बाजूला किंवा पुढच्या कडेला एक छोटा सरकता स्विच असायचा, तो पुसताना वगैरे चुकून बंद होतो आणि कुणाच्या लक्षातच येत नाही. स्विच नसेल तर वरच्या एफ१ ते एफ१२ बटणांपैकी एकावर ॲन्टेनाचं चित्र असतं, ते एफएन बटण धरून दाबायचं. मग विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून नेटवर्क अडॅप्टर्समध्ये बघा, तिथे वायरलेस नावाचं काही दिसतंय पण पिवळं चिन्ह आहे तर बहुतेक ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, घोळ आहे, पैसे खर्च करायची गरज नाही. काहीच दिसत नसेल तर आतलं वाय-फाय कार्ड गेलं असेल किंवा निसटलं असेल.

आता दुसरी गोष्ट, ही लोकांना माहीतच नसते. इंटरनेट नसलेल्या लॅपटॉपवर ड्रायव्हर डाउनलोड कसा करायचा? अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. फोन घरच्या वाय-फायवर असेल तर तेच नेट केबलमधून लॅपटॉपला मिळतं, मोबाईल डेटा जळत नाही. विंडोज ७, १०, लिनक्स (विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट सिस्टीम), सगळीकडे साधारण आपोआप चालतं (केबल मात्र डेटावाली हवी, नुसती चार्जिंगची नाही). कुणाला आठवड्यातून एकदाच मेल बघायचा असेल तर एवढ्यावरच भागतं, डोंगलसुद्धा नको.

डोंगल घ्यायचंच असेल तर खोक्यावरचं कंपनीचं नाव आणि स्पीडचा आकडा बाजूला ठेवा, आत चिपसेट (वाय-फायचं काम करणारी मुख्य चिप) कुठला आहे ते विचारा. ड्रायव्हर चिपसेटचा असतो, खोक्याचा नाही. आणि एकाच मॉडेलमध्ये चिपसेट बदलतो हे लक्षात ठेवा, टीपी-लिंकचं डब्ल्यूएन७२२एन घ्या उदाहरणार्थ, पहिल्या व्हर्जनमध्ये अथेरॉसची एआर९२७१ चिप होती आणि व्हर्जन २ मध्ये रियलटेकची आली, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. लॅपटॉपवर लिनक्स टाकणार असाल तर अथेरॉस एआर९२७१, रालिंक आरटी५३७० किंवा मीडियाटेक एमटी७६१२ यू यांचे ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच असतात, लावलं की चालू. रियलटेकच्या काही चिप्सना मात्र ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो आणि अपडेटनंतर परत टाकावा लागतो, वयस्कर माणसाच्या लॅपटॉपला ती कटकट लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर दुकानदाराला सरळ विचारा, चिपसेट कुठला, आणि माहीत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

काही डोंगल लावल्यावर सीडी ड्राइव्हसारखी दिसतात, घाबरू नका, ड्रायव्हर त्यातच असतो, तो टाकला की मग ते वाय-फाय होतं.

स्पीडचं गणित पण समजून घ्या. जुन्या लॅपटॉपचा यूएसबी २.० पोर्ट कागदावर ४८० एमबीपीएसचा, त्यामुळे ८६७ लिहिलेलं महाग डोंगल घेऊन ८६७ मिळणारच नाही. पण ५ गिगाहर्ट्झ चालणारं घेतलं तर फायदा आहे, बिल्डिंगमध्ये प्रत्येक घरात राउटर असल्याने २.४ गिगाहर्ट्झवर नुसती गर्दी असते. राउटर दोन भिंतींपलीकडे असेल तर मात्र २.४ च बरं, ते भिंतीतून जास्त लांब पोचतं.

आतलं कार्ड बदलायचा पर्याय पण आहे, त्या काळच्या लॅपटॉपमध्ये मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्ड असतं, खालचं झाकण काढलं की एक-दोन स्क्रू आणि ॲन्टेनाच्या दोन बारीक वायरी, बहुतेक काळी आणि पांढरी. बॅटरी काढल्याशिवाय हात लावू नका आणि वायरी ओढू नका, टोक धरून सरळ वर उचला. पण काही कंपन्यांच्या बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी चालणारं आतलं सॉफ्टवेअर) मान्य कार्डांची यादी असते, दुसरं कार्ड लावलं की लॅपटॉप चालूच होत नाही, एरर दाखवून थांबतो. म्हणून आपल्या मॉडेलचं आधी शोधून घ्या. मावशीच्या लॅपटॉपला हेच झालं, शेवटी डोंगलच लावलं.

सगळं लावूनही घरचं नेटवर्क दिसत नसेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये जा. २.४ चा चॅनल १२ किंवा १३ असेल तर काही जुन्या कार्डांना तो दिसतच नाही, १, ६ किंवा ११ करा. सिक्युरिटी फक्त डब्ल्यूपीए३ (वाय-फायच्या सुरक्षेचा नवा प्रकार) असेल तर विंडोज ७ जोडणारच नाही, डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र असलेला पर्याय निवडा. आणि विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून सुरक्षेचे अपडेट बंद आहेत, त्यामुळे नेटवर बँकेची कामं करायची असतील तर आधी लिनक्स मिंट टाका, ४ जीबी रॅममध्ये नीट चालतं.

विंडोजच ठेवणार असाल आणि दर थोड्या वेळाने नेट तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असतो, तिथे वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करू द्या अशा अर्थाची टिक असते, ती काढून टाका.