बाळाला रक्त लावायचं ठरलंय? रक्तपेढीत जाण्याआधी

आई तालुक्याच्या दवाखान्यात आणि बाळ शहरातल्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, हे आम्ही सिस्टर रोज पाहतो. म्हणून बाबांनो, येताना आईची गरोदरपणाची फाईल आणा, एचआयव्ही आणि कावीळ बीचे रिपोर्ट वरच ठेवा. क्रॉसमॅचसाठी, म्हणजे दात्याचं रक्त जुळतं का ते पाहायला, आईच्या रक्ताचा नमुनाही लागतो, कारण बाळाच्या अंगात आईकडून आलेल्या अँटीबॉडी असतात. नळीवर तिचं पूर्ण नाव, तारीख आणि वेळ असू द्या. नाव अर्धवट असलं की नमुना परत येतो आणि पुन्हा तेवढा प्रवास. कावीळ बीची पहिली लस टोचली का, तेही विचारून घ्या.

रक्तपेढीत मागायचं ते एकाच दात्याच्या रक्ताच्या छोट्या पिशव्या, म्हणजे पेडी बॅग. किलोभराच्या बाळाला एका वेळी 10 ते 15 मिली रक्त लागतं, फार तर तीन चमचे. पण दिवस न भरलेल्या बाळाला ते पुन्हापुन्हा लागू शकतं, आणि दर वेळी नवा दाता म्हणजे दर वेळी नवा धोका. म्हणून उरलेल्या पिशव्या बाळाच्या नावाने राखून ठेवायला सांगा.

आपल्याकडे प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया अशी तपासणी सक्तीची आहे. तरी लागण नुकतीच झालेली असेल, तर ती काही दिवस तपासणीत सापडत नाही. नॅट चाचणी थेट विषाणूचा अंश शोधते, तिने हे दिवस कमी होतात, पण ती सगळीकडे होत नाही. होते का, विचारा. दीड किलोच्या आतलं बाळ असेल तर ल्युकोफिल्टर केलेलं, म्हणजे पांढऱ्या पेशी गाळून काढलेलं रक्त मिळेल का, हेही विचाराच. सीएमव्ही नावाचा विषाणू पांढऱ्या पेशींत लपून असतो, मोठ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही, पण एवढ्याशा जिवाला तो भारी पडू शकतो. रक्ताला रेडिएशन दिलंय म्हणजे सीएमव्ही मेला, असं समजू नका. ते वेगळ्या कारणासाठी देतात.

मामा, काका दंड पुढे करून उभे असतात, ‘आमचंच द्या’ म्हणतात. माया कळते हो, पण नात्यातलं रक्त जास्त सुरक्षित नसतं. घरच्यांसमोर दात्याच्या फॉर्मवर खरं लिहायला माणूस कचरतो. शिवाय रक्ताच्या नात्यातल्याचं रक्त रेडिएशन दिल्याशिवाय बाळाला चालत नाही. त्यांना दुसऱ्या कुणासाठी रक्तदान करू द्या.

पिशवी आली की सिस्टर बाळाच्या पायातला पट्टा आणि लेबल मोठ्याने वाचून जुळवते. तुम्ही तिथे असाल तर ऐका, फरक वाटला तर लगेच थांबवा. संमतीपत्रावर सही करण्याआधी रक्त का लागतंय, हे डॉक्टरांकडून समजून घ्या.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर प्रत्येक पिशवीचा नंबर आणि तारीख लिहून घ्या, आणि ते लसीकरणाच्या कार्डासोबत एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.