फ्रेंचमध्ये मनातलं सांगताना 'ज स्वी' की 'जे'?

फ्रेंच नुकतंच सुरू केलं असेल तर भावनांची लांबलचक लिस्ट पाठ करत बसू नका, आधी एवढंच बघा की वाक्य 'ज स्वी'ने (je suis, 'मी आहे') सुरू होतं की 'जे'ने (j'ai, 'माझ्याकडे आहे'). खूश, उदास, दमलेले असाल तर 'ज स्वी': ज स्वी कोंताँ, ज स्वी त्रिस्त, ज स्वी फातिगे. पण भूक, झोप, भीती, लाज, थंडी, उकाडा यांना 'जे' लागतं, म्हणजे फ्रेंच माणसाकडे भूक 'असते', म्हणून जे फाँ (भूक), जे पर (भीती), जे फ्र्वा (थंडी). उकडतंय तर जे शो, इथे 'ज स्वी शो' म्हणालात तर समोरचा भलताच चावट अर्थ काढू शकतो. 'ज स्वी एक्सिते'चंही तेच, ट्रिपची एक्सायटमेंट सांगायला ते नकोच, सरळ कोंताँ म्हणा. मुलगी बोलत असेल तर कोंताँत, शेवटचा त नीट ऐकू आला पाहिजे, आपल्याकडे नाही का दमलो-दमले होतं, तसंच (त्रिस्त मात्र दोघांनाही सेम, आणि फातिगेचं फक्त स्पेलिंग बदलतं). आणि फारच वैताग आला की 'जाँ ने मार', हे जरा बोलीतलं आहे, बॉससमोर नको.