गादीवरून मातीत: माझा पहिला हंगाम

आंतरविद्यापीठ कुस्ती स्पर्धेचं सुवर्णपदक घेऊन कोल्हापुरात उतरलो, तेव्हा डोक्यात एकच होतं, आता जत्रांची मैदानं मारायची. गादीवर, म्हणजे मॅटवर, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते. माझा पट, म्हणजे पाय धरून खाली घेण्याचा डाव, वेगवान होता, त्यावरच सगळं निभावलं होतं.

पहिल्या मैदानात समोरच्याला तीनदा खाली घेतलं. गादीवर सहा गुण झाले असते. मातीत निकाली कुस्ती, पाठ लागेपर्यंत काही खरं नाही. तो पोटावर पडून निवांत श्वास घेत राहिला आणि मी वरून ओढाओढी करत दमलो. बाराव्या मिनिटाला हात भरले, मूठ वळेना. तो सुटला, वर आला, माझ्या लांगेला, म्हणजे लंगोटाच्या मागच्या पट्टीला, हात घातला आणि घिस्सा डावावर चीत केलं. गादीवर पोशाख धरायला बंदी, त्यामुळं लांगेची पकड तोडायची सवयच मला नव्हती.

तालमीत वस्ताद एवढंच म्हणाले, "तीनदा खाली घेतलास, पण त्येच्या अंगावर वजन कवा टाकलंस?"

दुसऱ्या दिवसापासून पहाटे हौदा, म्हणजे तालमीतला मातीचा आखाडा, उकरायला फावडं माझ्या हातात. ओली, जड माती अर्धा तास उकरली की खांदे आणि दम दोन्ही तयार होतात. कुठल्याही जिमपेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे. मग माझ्यापेक्षा दहा-बारा किलो जड पैलवानाशी जोड, तीही मध्ये न थांबता. चार महिन्यांनी कुठं खालच्या माणसावर बसून वाट बघायला जमलं.

नवीन पोरांनो, पैशाचं आधी बोलून घ्या. कुस्ती बरोबरीत सोडवली तर किती, हे वस्तादांसमोरच ठरवा. एका गावात मी विचारलं नव्हतं, निम्मंच इनाम हातात पडलं. पावसाळ्यात मैदानं बंद, खुराक मात्र रोजचा. दूध, तूप, बदाम कुणासाठी थांबत नाहीत. पहिल्या हंगामात मोठ्या पैलवानाशी जोड मागू नका.

आणि कॉलेज सोडू नका. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकले, १९५२ला हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं आणि पुढं पोलिसात नोकरी केली. सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण वरच्या पदांना पदवी लागतेच. म्हणून माझी प्रमाणपत्रं आईच्या ट्रंकेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलीत, आणि मार्चमधली दोन मैदानं परीक्षेसाठी सोडलीत.