आधी मीटरपुढे बसा

आमच्याकडे विजेचं बिल वाढलं की सगळा राग दिव्यांवर निघायचा. बाबा खोल्याखोल्यांतून फिरून दिवे मालवायचे, मीही त्यांच्यामागून जायचे. असे दोन महिने गेले, बिल जिथल्या तिथे. मग एका रविवारी सकाळी वही-पेन घेऊन मी मीटरपुढे स्टूल टाकून बसले. वीज वाचवायला सुरुवात कुठून करू असं कुणी विचारलं, तर मी हेच सांगते. नवीन काही विकत घेण्याआधी मोजा.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि जवळच एक आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३२०० आहे, म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट संपलं. एक युनिट म्हणजे हजार वॅट तासभर, म्हणजेच ३६ लाख वॅट-सेकंद. म्हणून ३६ लाखांना या आकड्याने भागायचं. आमचं उत्तर ११२५ येतं, तुमच्या मीटरवरचा आकडा वेगळा असेल तर ते बदलेल. आता एका लुकलुकीपासून दुसरीपर्यंत किती सेकंद जातात ते घड्याळावर बघा आणि आलेल्या उत्तराला त्या सेकंदांनी भागा. घर त्या घडीला किती वॅट ओढतंय ते समजतं.

मी घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजसुद्धा दहा मिनिटांपुरता. तरी दिवा दर अठरा सेकंदांनी लुकलुकतच होता. म्हणजे सुमारे ६२ वॅट, तेही कुणी काही वापरत नसताना! रात्रंदिवस असंच चाललं तर महिन्याला जवळजवळ ४५ युनिटं होतात. मग मी एकेक प्लग काढत गेले आणि बाबा मीटरपाशी उभे राहून मोठ्याने सेकंद मोजत राहिले. सेट-टॉप बॉक्स, जुनी म्युझिक सिस्टीम, संगणकाचा यूपीएस, राउटर... प्रत्येक प्लगसरशी दोन लुकलुकींमधलं अंतर वाढत गेलं. रिमोटने बंद केलेली वस्तू खरं तर बंद नसते, ती रिमोटची वाट बघत जागी असते. आता टीव्हीजवळच्या सगळ्या वस्तू एका एक्स्टेन्शन बोर्डावर आहेत आणि झोपताना बोर्डाचं बटण भिंतीपाशी बंद होतं. राउटर तेवढा चालू ठेवतो.

एक महत्त्वाचं. मेन स्विच बंद केल्यावरही मीटर लुकलुकत राहिला, तर वायरिंगमध्ये किंवा मीटरमध्ये गडबड आहे. तिथे स्वतः हात घालू नका, वायरमनला बोलवा.

आता गिझर. खरा खर्च इथेच होता. २५ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला साधारण एक युनिट लागतं. त्याच एका युनिटात ९ वॅटचा एलईडी दिवा ११० तास जळतो. हा हिशोब वहीत मांडला तेव्हा बाबा बराच वेळ त्याच पानाकडे बघत होते. आमचा गिझर सकाळी लागायचा आणि दुपारपर्यंत तसाच राहायचा. पाणी तापलं की तो आपोआप थांबतो हे खरं, पण टाकीतली उष्णता हळूहळू बाहेर जात राहते आणि तो पुन्हा पुन्हा सुरू होतो. आता आंघोळीच्या अर्धा तास आधी लावतो, सगळे एकापाठोपाठ एक आटोपतात आणि बटण लगेच बंद. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी किती तापवायचं ते ठरवणारी कळ, ६० अंशांवर आणला. त्याच्याखाली मी नेत नाही, कारण टाकीत कोमट पाणी साचून राहिलं तर जंतू वाढतात. गरम शॉवरऐवजी बादली वापरली तर पाणीही मोजकं लागतं आणि वीजही. वॉशिंग मशीनमध्येही तेच. गरम पाण्यावर कपडे धुतले तर वीज मुख्यतः पाणी तापवण्यात जाते, मोटरला फार लागत नाही. रोजचे कपडे साध्या पाण्यात स्वच्छ निघतात.

फ्रिजसाठी कागदाची एक पट्टी पुरते. दारात पट्टी धरून दार लावा आणि ओढून बघा. सहज निघाली, तर तिथून गारवा बाहेर जातोय. आमच्या फ्रिजची पट्टी खालच्या कोपऱ्यात अलगद निघून आली. दाराच्या रबराच्या घडीत चिकट मळ बसला होता. साबणाच्या कोमट पाण्याने, जुन्या टूथब्रशने तो काढला आणि रबर पुन्हा घट्ट बसू लागलं. फाटलेलं रबर मात्र बदलावंच लागतं. फ्रिज भिंतीला टेकलेला असेल तर वीतभर पुढे ओढा, मागून गरम हवा निघायला वाट हवी. आतलं तापमान ४ अंशांच्या आसपास पुरतं.

पंख्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, पण तो तासन् तास चालतो. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या) मोटरचा नवा ३० ते ३५. रोज बारा तास फिरणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला १४ ते १६ युनिटं वाचतात. म्हणून आधी तोच बदला जो सगळ्यात जास्त फिरतो. पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या. जुना डब्यासारखा रेग्युलेटर असेल, तर पंखा हळू केला तरी वाचलेल्या विजेतली बरीचशी रेग्युलेटर तापण्यात जाते. तिथे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावा. नव्या बीएलडीसी पंख्याला मात्र असा वेगळा रेग्युलेटर जोडू नका.

एसी असेल तर २६ अंश आणि सोबत मंद पंखा, एसीमधली जाळी दर पंधरा दिवसांनी धुवायची, उन्हाच्या खिडकीला जाड पडदा लावायचा.

हे सगळं एकदम करू नका. एक बदल करा आणि आठवडाभर रोज ठरलेल्या वेळी मीटरचा आकडा लिहून ठेवा. आमची वही मीटरशेजारी खिळ्याला दोरीने बांधलेली आहे. रात्री नऊ वाजता बाबा चष्मा लावून आकडा लिहितात आणि कालच्यापेक्षा एखादं युनिट जास्त खर्च झालेलं दिसलं, तर आधी गिझरचं बटण बघून येतात.