सिसिलीचा घरगुती स्वयंपाक करताना या चुका टाळा

कापोनाता गॅसवरून उतरवून लगेच गरम वाढणे ही इटलीच्या सिसिली बेटाचा स्वयंपाक नव्याने करणाऱ्यांच्या हातून होणारी सर्वांत नेहमीची चूक आहे. वांगी, सेलरी, हिरवी ऑलिव्ह, केपर्स (मुरवलेल्या फुलकळ्या) आणि टोमॅटो यांचा हा आंबटगोड पदार्थ तिथल्या घरांत बहुधा आदल्या दिवशीच करून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी, पुन्हा गरम न करता, पावाबरोबर खातात. ताज्या कापोनातेत व्हिनेगर नाकात जाते आणि साखर वेगळी लागते. ती रात्रभर मुरली की दोन्ही चवी वांग्यात उतरतात. आपल्याकडच्या उकाड्यात ती फ्रीजमध्येच ठेवावी, पण जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढावी, कारण थंडगार असताना तिची चव दबलेली राहते.

वांगी तेलकट झाली, ही दुसरी तक्रार. तेल पुरेसे तापलेले नसले किंवा कढईत एका वेळी फार फोडी पडल्या की वांगे तेल पिते. भरताच्या वांग्याच्या साधारण दोन सेंटिमीटरच्या फोडी करून त्यांना मीठ लावावे, तासभर चाळणीत निथळू द्यावे, कापडाने कोरड्या कराव्यात आणि 170 ते 180 अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या तेलात थोड्या थोड्या तळाव्यात. कष्ट वाचवण्यासाठी सगळ्या भाज्या एकाच पातेल्यात शिजवल्या तर त्यांचा लगदा होतो. म्हणून वांगी वेगळी तळतात, सेलरी उकळत्या पाण्यातून दोन-तीन मिनिटांत वेगळी काढतात आणि कांदा-टोमॅटोच्या रश्शात सगळे अगदी शेवटी एकत्र आणतात. एक किलो वांग्यांना सुमारे 50 मिलिलिटर वाइन व्हिनेगर आणि दोन मोठे चमचे साखर पुरते. मिठातले केपर्स पाण्यात भिजवून दोनदा धुतले नाहीत तर सारा पदार्थ खारट होतो, त्यामुळे मीठ शेवटी चव पाहूनच घालावे.

याच संदर्भात आणखी एक चूक सांगायला हवी, आणि माझ्या मते ती सर्वांत मोठी आहे: पाच कृती वाचून पाचही कृतींतले सगळे साहित्य एकाच कढईत घालणे. कुठे कापोनातेत मनुका आणि पाइन नट्स पडतात, कुठे ढोबळी मिरची, कुठे वांग्याऐवजी आर्टिचोक, तर काही घरांत वरून थोडे चॉकलेट किसतात. प्रत्येक घराची ही निवड आजीकडून आईकडे आणि आईकडून पुढे आलेली असते, आणि तिचा तोल त्या घराने वर्षानुवर्षे खाऊन जमवलेला असतो. एका घराची कृती धरावी आणि ती हातात बसेपर्यंत तशीच करावी.

सिसिलीची राजधानी पालेर्मोच्या सार्डिन-पास्त्यात चुका बहुतेक आपल्या सवयींमुळे होतात. कोकण किनाऱ्यावर मिळणारी तारली या पदार्थाला उत्तम चालते, पण तिचा मधला काटा काढून ती उघडी करून घ्यावी लागते आणि कालवणासारखी उकळत ठेवायची नसते. काही मिनिटांत ती शिजते. या पास्त्याचा प्राण म्हणजे रानबडीशेपेचा हिरवा पाला. तो उकळलेले पाणी ओतून न देता त्यातच पास्ता शिजवतात, म्हणजे सुगंध आतपर्यंत जातो. त्याऐवजी जुडीभर शेपू घातल्यास शेपूच सर्वांवर मात करतो. त्यापेक्षा कुंडीत बडीशेप पेरून तिचा पाला वापरणे बरे.

यावर चीज किसू नये. चीज परवडत नसलेल्या घरांनी शिळ्या पावाचा चुरा ऑलिव्ह तेलात खरपूस परतून पास्त्यावर भुरभुरला, आणि पुढे तीच त्याची ओळख झाली. 19 मार्चला, सुतार असलेल्या संत जोसेफच्या सणाला, हा चुरा त्याच्या लाकडाचा भुसा मानला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लाखो सिसिलियन अमेरिकेत गेले. न्यू ऑर्लीन्समध्ये त्यांच्या वंशजांच्या घरांत आणि चर्चमध्ये आजही या दिवशी संत जोसेफसाठी अन्नाची वेदी मांडतात. आपल्याकडच्या सँडविच ब्रेडमध्ये साखर असते, त्यामुळे त्याचा चुरा आत कुरकुरीत होण्याआधीच करपतो. कडक कवचाचा, गोड नसलेला पाव घ्यावा, आच मंद ठेवावी आणि चुरा पानात वाढतानाच घालावा, नाहीतर तो भिजून मऊ पडतो.

टोमॅटोच्या घट्ट अर्काची, म्हणजे स्त्रात्तूची, गोष्ट वेगळी आहे. ऑगस्टच्या कडक उन्हात मीठ घातलेला टोमॅटोचा गाळलेला रस लाकडी फळ्यांवर पसरून, दिवसभर हलवत राहून, काही दिवसांत त्याचा गडद विटकरी गोळा करतात. आपल्या गच्चीवरच्या वाळवणासारखेच हे घरच्या आणि शेजारच्या बायकांनी मिळून करायचे काम. तो प्युरीसारखा वाटीवाटीने घातला तर रस्सा कडवट आणि खारट होतो. एक चमचा अर्क कांद्याबरोबर तेलात आधी परतावा आणि मग पाण्याने सैल करावा. दमट हवेत तो घरी करू नये, कारण वाळण्याआधी बुरशी धरते.

आरांचिने, म्हणजे भाताचे भरलेले गोळे, तळताना फुटत असतील तर बहुधा भात गरम असतानाच गोळे वळलेले असतात. बासमती टाळावा, इंद्रायणी किंवा आंबेमोहोर शिजवून, ताटात पसरून, पूर्ण गार करावा.

13 डिसेंबरला, संत लुचीच्या दिवशी, पालेर्मोत पाव आणि पास्ता वर्ज्य असतो. 1646 च्या दुष्काळात धान्याचे जहाज आले आणि भुकेल्या लोकांनी दळायला न थांबता गहू तसाच उकडून खाल्ला, अशी तिथली आख्यायिका आहे. त्या आठवणीचा पदार्थ म्हणजे कुच्चिया, अर्थात उकडलेल्या अख्ख्या गव्हात कालवलेला गोड रिकोटा, म्हणजे मऊ ताजे चीज. गहू दोन-तीन दिवस भिजवतात, पण गरम स्वयंपाकघरात तो आंबतो, म्हणून भांडे फ्रीजमध्ये ठेवून पाणी रोज बदलावे. गहू गरम असताना रिकोटा मिसळला की त्याला पाणी सुटते. पनीर इथे चालत नाही, कारण ते रवाळ आणि घट्ट असते. रिकोटा मिळत नसेल तर सायीचे दूध लिंबाने हलकेच फाडावे, मऊ गोळा न दाबता मलमलीत एक-दोन तास निथळू द्यावा आणि बारीक चाळणीतून घासून घ्यावा.