पॉलिस्टरला सुती कपड्यासारखं धुऊ नका

‘कॉटन चांगलं, सिंथेटिक वाईट’ हा सल्ला देणाऱ्याने पावसाळ्यात डोंबिवलीतल्या बंद गॅलरीत पाच माणसांचं धुणं वाळवून दाखवावं. जाड सुती पँट तिसऱ्या दिवशीही कमरेशी ओलीच असते, आणि तिला जो कुबट वास लागतो त्यापुढे टेरीकॉटची, म्हणजे सूत-पॉलिस्टर मिश्र कापडाची, पँट देवमाणूस वाटते. म्हणून मी कापड घेताना पहिला प्रश्न विचारते तो हाच, की हे वाळणार कुठे? दुसरा प्रश्न, ते अंगाच्या कुठल्या भागाला चिकटून असणार?

अंगाला चिकटणारं सगळं, म्हणजे बनियन, आतले कपडे, परकर, झोपायचे कपडे, लहान मुलांचे झबले, सुतीच. यात मी तडजोड करत नाही. वरचे कपडे ऋतू बघून घ्यावेत. उन्हाळ्यात सुती, पावसाळ्यात टेरीकॉट किंवा पातळ सिंथेटिक. साधा हिशेब आहे. सूत नुसत्या हवेतूनच आपल्या वजनाच्या आठेक टक्के ओल धरून बसतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणून सूत घाम पितं आणि म्हणूनच वाळायला वेळ लावतं. दोन्ही गुण एकाच कापडात मिळतात असं दुकानदार सांगेल. मान डोलवा आणि पुढचं कापड बघा.

दुकानदाराचं ‘प्युअर कॉटन’

हाताला मऊ लागलं म्हणजे सुती, हे विसरा. पाण्याचा थेंब टाकून बघण्यातही अर्थ नाही, कारण नव्या कापडाला खळ असते, थेंब सुतावरही मोत्यासारखा बसून राहतो. आधी लेबल वाचा. सुट्या कापडाला लेबल नसेल तर घरी आणल्यावर कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा काढा. दोन्ही काढायचे, कारण ताणा सुती आणि बाणा पॉलिस्टरचा असं कापड सर्रास मिळतं. धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा. कागद जळाल्याचा वास आणि बोटाने उडून जाणारी करडी राख आली तर सूत. धागा ज्योतीपासून आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी राहिला तर पॉलिस्टर. केस जळाल्याचा वास आणि चुरगळणारा मणी म्हणजे रेशीम किंवा लोकर.

यात एक फसगत आहे. रेयॉनही सुतासारखंच जळतं. ते लाकडाच्या लगद्यापासूनच बनतं, वितळणार कसं? पण ओलं झालं की त्याची ताकद निम्म्यावर येते. रेयॉनची कुर्ती पिळायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची. ओली असताना पुठ्ठ्यासारखी कडक लागते, घाबरू नका, वाळली की मऊ होते.

नवं सुती कापड

शिवायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. अडीच मीटर कापड सहज दोन-चार इंच आटतं. साडीचा फॉलही आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच लावायला द्या. नाहीतर पहिल्या धुण्यात फॉल आटतो, सिंथेटिक साडी आटत नाही आणि काठाला कायमच्या चुण्या पडतात.

रंग जाणारं सुती, विशेषतः लाल काठाची इरकल, पहिले तीन-चार वेळा एकटंच धुवा. गार पाणी, भिजत ठेवणं बंद, लगेच सावलीत वाळत. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो हे मी आजीपासून ऐकत आले, करूनही पाहिलं. रंगाऱ्याच्या हौदात मीठ रंगाला धाग्याकडे ढकलतं, ते खरं. पण रंगवून, विकून, घरी आलेल्या साडीला तुमच्या बादलीतलं चमचाभर मीठ काही करत नाही.

पॉलिस्टरचा वास

आता मुख्य दुखणं. मुलाचे खेळायचे टी-शर्ट, नवऱ्याचे ऑफिसचे शर्ट. धुऊन, वाळवून, घडी करून कपाटात ठेवले की वास नाही. अंगात घालून दहा मिनिटं गर्दीच्या लोकलमध्ये उभं राहिलं की काखेतून तोच जुना वास. इस्त्री फिरवतानाही येतो. मी दोन वर्षं चुकत होते. आधी पावडर दुप्पट केली. मग सुगंधी सॉफ्टनर ओतला. मग जंतुनाशक. शेवटी शर्टाला घाम, गुलाब आणि दवाखाना असा तिहेरी वास यायला लागला.

चूक अशी होती की मी घाम धूत होते. घामातलं पाणी आणि मीठ पॉलिस्टरमधून पहिल्याच पाण्यात निघून जातं. राहतो तो अंगाचा तेलकटपणा. पॉलिस्टरला पाण्याचं वावडं आणि तेलाची माया. ते तेल धाग्याला धरून बसतं, त्यावर जंतू पोसतात, आणि अंगाची ऊब मिळाली की वास उठतो. नळाच्या गार पाण्याने हे निघत नाही, तुपाचं भांडं गार पाण्याने घासून बघा म्हणजे कळेल. सॉफ्टनर तर आणखी घात करतो. तो धाग्यावर स्वतःचा मेणचट थर चढवतो आणि खालचं तेल आतच राहतं. खेळाच्या कपड्यांना आणि टॉवेलला सॉफ्टनर लावू नका. कधीच नाही.

शर्ट उलटा करा. कोरडा असतानाच काखेत आणि कॉलरला पातळ डिटर्जंट बोटाने चोळा. कोरड्यावरच, हे महत्त्वाचं, कारण आधी भिजवलात तर साबण पातळ होऊन तेलापर्यंत जोर लावत नाही. पंधरा मिनिटं ठेवा. पातळ डिटर्जंट नसेल तर भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब चालतात, शेवटी काम तेल काढायचंच आहे. मात्र ते लावलेला कपडा हाताने धुवा, फ्रंटलोड मशीनमध्ये टाकलात तर फेस आवरणार नाही.

मग कोमट पाणी, साधारण 40 अंश, म्हणजे हात आरामात बुडवून ठेवता येईल एवढं. उकळतं नाही. उत्साहाच्या भरात मी एकदा कढत पाणी ओतलं आणि वर पिळूनही काढलं. पॉलिस्टर सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे नरम पडतं आणि त्या अवस्थेत पडलेली घडी थंड होताना पक्की होते. तो शर्ट पुढे कितीही इस्त्री केली तरी चुरगळलेलाच दिसला. कोमट पाण्यात तासभर भिजू द्या. कपडा पांढरा किंवा पक्क्या रंगाचा असेल तर क्लोरीन नसलेली, ऑक्सिजनवाली डाग काढायची पावडर एक चमचा घाला. रेशीम आणि लोकर मात्र तिच्यापासून लांब ठेवा.

नंतर नेहमीसारखं धुवा, पण पावडर निम्मी आणि खळबळणं तीन पाण्यांत. बोअरचं पाणी असेल तर शेवटच्या अर्ध्या बादलीत पाव कप पांढरं व्हिनेगर घाला, साबणाचा चिकट थर सुटतो. ब्लीचबरोबर व्हिनेगर कधीही नाही, विषारी वायू निघतो. आणि व्हिनेगरमध्ये खायचा सोडा मिसळून ‘जादूचं मिश्रण’ करायला सांगणाऱ्यांना नमस्कार. आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात, फेस छान दिसतो, बादलीत उरतं जवळजवळ खारट पाणी.

जुना मुरलेला वास एका धुण्यात जाईलच असं नाही, दोन-तीनदा करावं लागतं. चौथ्यांदाही आला तर शर्ट सोडून द्या. फरशी पुसायचं फडकंही होणार नाही त्याचं, पाणीच शोषत नाही मेलं. पुढे वास साचू द्यायचा नसेल तर घामाचा टी-शर्ट खेळाच्या बॅगेत किंवा धुण्याच्या टोपलीत बोळा करून टाकू नका. आल्याबरोबर दांडीवर पसरा, धुणं उद्या झालं तरी चालेल.

वाळवणं आणि इस्त्री

पावसाळ्यात कपड्या-कपड्यांत वीतभर अंतर आणि वर पंखा. शर्ट हँगरवर, पँट उलटी, खिसे बाहेर काढून. गडद रंगाचं काहीही उलटं करूनच उन्हात. रेशीम रिठ्याच्या पाण्यात आणि सावलीत, एन्झाइमवाली पावडर त्याला खाते.

सुती कपडा किंचित ओला असतानाच इस्त्री करा, निम्मी मेहनत वाचते. टेरीकॉटला मधली आच. आणि कापड नक्की कशाचं आहे हे ठाऊक नसेल तर इस्त्री आधी शर्टाच्या आत खोचल्या जाणाऱ्या खालच्या टोकावर टेकवून बघा, छातीवर नाही.