एसओपी लिहिली पण कुणी पाळत नाही? आधी या चुका तपासा

आमचं फराळाचं छोटं युनिट आहे. सात बायका, दोन कढया, एक सीलिंग मशीन, बास. मागच्या दिवाळीआधी मी दोन रात्री जागून लॅपटॉपवर चकलीची एसओपी, म्हणजे काम कसं करायचं त्याची पायरी-पायरीनं लिहिलेली पद्धत, टाईप केली, अकरा पानं झाली, लॅमिनेशन करून भिंतीवर लावली आणि तिसऱ्या दिवशी बघते तर त्यावर कुणीतरी एप्रन अडकवलेला. तेव्हा जाम चिडले होते, पण खरं सांगायचं तर चूक माझीच होती.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे मालकानं एकट्यानं बसून लिहिणं. आपल्याला वाटतं की काम कसं होतं ते आपल्याला माहितीये, पण मी स्वतः सोऱ्या हातात धरून वर्ष झालं होतं! आता मी उलटं करते. जिचं काम सगळ्यात चांगलं होतं तिच्या शेजारी वही घेऊन उभी राहते आणि ती जे करते ते, तिच्याच शब्दांत, लिहून घेते. आमच्या काकू पीठ मळताना मधेच एक छोटा गोळा काढून एकच चकली पाडतात आणि ती तळून, मोडून बघतात, मगच पुढचं पीठ भिजवतात. हे माझ्या अकरा पानांत कुठेच नव्हतं आणि आमचा माल बिघडत नव्हता तो ह्यामुळेच, म्हणजे त्या सुट्टीवर गेल्या की बिघडायचाच.

दुसरी चूक, 'थोडं', 'नीट', 'व्यवस्थित', 'अंदाजे' हे शब्द. आमच्याकडे भाजणीला 'एक वाटी मोहन' लिहिलं होतं आणि किचनमध्ये वाट्या होत्या दोन, एक स्टीलची नेहमीची आणि एक जरा खोलगट. वेगवेगळ्या शिफ्टला वेगवेगळी वाटी. सकाळची चकली खुसखुशीत आणि दुपारची तेलात विरघळायची, आम्ही पंधरा दिवस भाजणीवाल्या गिरणीला शिव्या घालतोय! शेवटी दोन्ही वाट्या काट्यावर ठेवल्या तेव्हा उलगडा झाला. आता आमच्या कागदावर आहे, 1 किलो भाजणी, 100 ग्रॅम कडकडीत मोहन, काट्यावर मोजून. प्रत्येक गोष्टीला आकडा सापडतोच असं नाही, पण मग निदान डोळ्याला किंवा हाताला कळेल अशी खूण लिहा. 'चकली गार झाल्यावर पॅक करावी' ह्याला काही अर्थ नाही, गार म्हणजे किती? आम्ही लिहिलंय की हाताच्या उलट्या बाजूला जराही कोमट लागता कामा नये, कारण गरम माल पिशवीत भरला की आत वाफ धरते आणि चार दिवसांत गिऱ्हाइकाचा फोन येतो, ताई चकली मऊ पडली.

सगळ्या कामांची एसओपी एकदम करायला जाऊ नका, दमाल. ज्या कामासाठी तुम्हाला दिवसातून सगळ्यात जास्त हाका येतात तिथून सुरू करा. आमच्यात ते पॅकिंग होतं, कारण लेबलवर बॅच नंबर, तारीख, एफएसएसएआयचा (सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचा) 14 आकडी नंबर सगळं बरोबर लागतं आणि एकदा मागच्या महिन्याची तारीख तशीच राहून चोवीस पाकिटं परत फोडावी लागली.

नेटवरून उचललेली एसओपी हा अजून एक प्रकार. त्यात 'क्यूसी मॅनेजर', म्हणजे मालाची क्वालिटी तपासणारा, सही करेल वगैरे असतं, सात जणींमध्ये क्यूसी मॅनेजर कोण हो?

आता अडलं तर काय, हा भाग बहुतेक जण लिहितच नाहीत. लाईट गेली आणि सीलिंग मशीन बंद पडलं तर उरलेला माल कशात ठेवायचा, घाणा अर्धा तळून झालाय आणि सिलेंडर संपला तर त्या घाण्याचं काय करायचं. तेलाचंच घ्या, तळणाच्या तेलात पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणारे खराब घटक) 25 टक्क्यांवर गेले की ते वापरायचं नाही असा नियम 2018 पासून आहे, पण ते मोजायचं मीटर छोट्या युनिटला परवडेलच असं नाही, म्हणून रंग काळपट झाला, फेस बसेना किंवा धूर लवकर यायला लागला की तेल बाजूला काढायचं आणि मला सांगायचं, एवढं आम्ही लिहिलंय. कुणी सांगायचं आणि कुणाला, हे लिहिलं नाही तर सगळ्या एकमेकींकडे बघत बसतात.

चेकलिस्टवरच्या टिका, म्हणजे काम झालं की करायच्या बरोबरच्या खुणा, पण जरा निरखून बघा. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंतच्या सगळ्या टिका एकाच पेनानं, एकाच तिरक्या हातानं असतील तर त्या घरी जाताना मारलेल्या आहेत, पैजेवर सांगते. अशा वेळी ओरडण्याआधी ती पायरी का टाळली जातेय ते विचारा. आमच्याकडे वजन तपासायची पायरी कुणी करत नव्हतं, कारण काटा होता आतल्या खोलीत आणि पाकिटं बाहेर, दर वेळी कोण उठणार. काटा टेबलावर आणला, प्रश्न संपला, कागदातला एक शब्द बदलला नाही.

आणि जुन्या प्रती फाडा! भिंतीवर एक, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरी, काकूंच्या डायरीत तिसरी असं झालं की प्रत्येक जण आपल्या सोयीची वापरते. वर मोठ्या अक्षरात तारीख टाका.

तयार झाली की परीक्षा अशी घ्यायची, नवीन मुलीच्या हातात कागद द्यायचा आणि आपण गप्प बसायचं, जिथे ती मान वर करून बघेल तिथे कागद अपुरा आहे. मला गप्प बसणंच सगळ्यात अवघड गेलं. आमची नवीन मुलगी चार वेळा थांबली आणि चारही जागी काकूंनी तिथल्या तिथे पेननं लिहून टाकलं, अकरा पानांचं आता दीड पान आहे आणि त्यातलं अर्धं काकूंच्या अक्षरात.